सातबाऱ्यावर एकच नाव होतं

सातबारा मी तीनदा काढून पाहिला होता. भोगवटादार म्हणून विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, इतर हक्कांत काही नाही, बोजा नाही. तरी विचारलं, "तुम्हाला बहिणी आहेत ना?" त्याने लगेच पिशवीतून हक्कसोडपत्र काढलं. स्टँप पेपर, दोघींच्या सह्या, नोटरीचा शिक्का. मला तेवढं पुरलं. तिथेच मी बुडालो.

खरेदीखत रीतसर नोंदवलं. मुद्रांक शुल्क, फोटो, अंगठे, सगळं झालं. दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला म्हणजे मालकीही तपासली, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. तिथे दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, हे घेणाऱ्यानेच बघायचं.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव चढवायच्या नोंदीची, नोटीस निघाली आणि मुदतीत दोघी बहिणींची हरकत आली. मंडळ अधिकाऱ्यांसमोर थोरली मला म्हणाली, "दादा, तुमचं पैसं अडकलं त्याचं वाईट वाटतं. पण वडलांच्या जमिनीतला हिस्सा मी सोडलेला नाही. त्या नोटरीचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही." तिचा राग कसा येणार? तिला तर सख्ख्या भावानेच फसवलं होतं.

मग वकिलांनी जुने फेरफार काढायला लावले. सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात जे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. मी ते कधी उघडून वाचलेच नव्हते. वडील वारल्यानंतरच्या वारस नोंदीत तिन्ही भावंडांची नावं होती! पुढच्या फेरफारात, त्याच खोट्या कागदावर, बहिणींची कमी केलेली. खरं तर जमिनीतला हक्क असा सोडायचा तर १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७प्रमाणे हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, नोटरीच्या शिक्क्याने भागत नाही. आणि सातबारा हा मुळात महसुली कागद. १९६६च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट शाबीत होईपर्यंतच.

दिवाणी दावा चालू आहे. वकील म्हणतात, विकणाऱ्या भावाच्या एक तृतीयांश हिश्शापुरतं माझं खत टिकेल. त्यात विहीर येणार की नुसता खडक, ते वाटप होईल तेव्हा कळेल.

विसार देऊन बसला असाल तर हात जोडून सांगतो, बहिणींच्या सासरी स्वतः जाऊन या. त्यांना खतात संमती देणाऱ्या म्हणून घ्या, सह्या दुय्यम निबंधकांसमोरच होऊ द्या. वारस नोंदीचा फेरफार मागा. "उद्या देतो" म्हणाला, तर खताची तारीख पुढे ढकला.