"बाबा, शू!": इंदूरच्या बाजारात लेकराला कुठे न्यायचं आणि कुणी

सराफ्यात रात्रीचे साडेनऊ. एका हातात अर्धी जिलेबी, कडेवर चार वर्षांची लेक, आणि ती कानाशी लागून म्हणाली, "बाबा, शू." दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले, असा हा बोळ. रविवारी इथे दहा पावलं पुढे जाईपर्यंत हातातला भुट्ट्याचा कीस संपतो. बायको त्या दिवशी माहेरी, राजेंद्रनगरला. म्हणजे ठरवायचं मी एकट्याने, आणि मी चुकीचं ठरवलं. समोर दिसलं त्या उपाहारगृहात शिरलो. गल्ल्यावरच्या गृहस्थाने मान न उचलता "सिर्फ कस्टमर के लिए" म्हटलं. मी शिकंजी सांगतो म्हणेपर्यंत माझा शर्ट पोटापर्यंत ओला झाला होता.

ही गोष्ट दीड वर्षापूर्वीची. तेव्हापासून शहरातलं कुठलंही ठिकाण मी आधी शौचालय कुठे आहे या नजरेने बघतो. लहान मूल घेऊन बाहेर पडणाऱ्यांना, त्यातही एकट्या बापाला आणि मुलगा बरोबर असलेल्या आईला, काय निवडावं हे ठरवायला उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय.

आधी एक हिशोब. मुलांचे डॉक्टर मूत्राशयाचा अंदाज असा काढतात: वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा, येतील तेवढे मिलीलिटर. चार वर्षांच्या मुलीचे झाले १८०. आपल्याकडची ती दुधाची, सुकामेव्याची घट्ट शिकंजी एक पेला पाजली की पुढचं गणित सोपं आहे. शिवाय या वयात "लागली" आणि "झाली" यांच्यात दोन-चार मिनिटंच असतात. म्हणून अंतर हा पहिला मुद्दा, चकचकीतपणा नंतरचा.

निगमचं (म्हणजे महापालिकेचं) शौचालय की मॉल?

बाहेरगावचे पाहुणे आले की म्हणतात, तुमचं काय बुवा, तुमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं! खरंय. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण वरच आहोत. २०२३ चा पहिला नंबर तेवढा सुरतबरोबर वाटून घ्यावा लागला. २०१६ च्या अखेरीस गूगल मॅपवर सार्वजनिक शौचालयं दाखवायला सुरुवात झाली, तीही दिल्ली परिसर आणि आपल्या इंदूर-भोपाळपासून. त्यामुळे शौचालय सापडत नाही ही तक्रार मी करणार नाही. पण पँट टांगायची खुंटी आहे का, आत दोघं मावतात का आणि दारात कोण बसलंय, हे नकाशावर दिसत नाही.

यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे देऊन वापरायच्या शौचालयाची पद्धत सुलभ या संस्थेने १९७४ मध्ये पाटण्यात सुरू केली. ते सुटे पैसे आपण पाण्याचे आणि फिनेलचे समजतो. मी ते दारातल्या माणसाचे समजतो. बाजारातल्या एका सुलभमध्ये दुपारी एक बाई बसतात. मला लेकीसह घुटमळताना बघून त्या उठल्या, बायकांच्या बाजूला डोकावल्या, "खाली है भिया, आप दरवाजे पे खड़े रहो, गुड़िया अंदर जाएगी," म्हणाल्या आणि स्वतः बाहेर थांबल्या. मॉलमध्ये पॉलिश केलेली फरशी आहे, पण हे करणारं कुणी सहसा भेटत नाही. तिथला सफाईवाला येतो, पुसतो, तक्त्यावर सही करतो आणि दुसऱ्या मजल्यावर जातो.

मॉल जिंकतो तो तान्ह्या बाळासाठी. लंगोट बदलायला कोरडा ओटा, हात धुवायला साबण, आणि बाळ रडलं तरी कुणाची झोपमोड नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मॉलचे स्वतःचे ताप आहेत. आपोआप सुटणारं फ्लश मूल बसलेलं असतानाच धो धो सुटतं. सेन्सरवर तळहात धरून ठेवायचा, हा इलाज मला बायकोने शिकवला. हात वाळवायचं यंत्र असं गरजतं की लेक कान धरून बाहेर पळाली होती; हातरुमाल जवळ ठेवा. आणि मुख्य म्हणजे गाडी लावून, तपासणीतून, सरकत्या जिन्याने वर जाईपर्यंत ती दोन-चार मिनिटं संपलेली असतात. आधीच मॉलमध्ये असाल तर उत्तम. मुद्दाम धावत जाऊ नका.

खाण्याच्या हॉटेलात माझा नियम साधा आहे: आधी विचारायचं, मग बसायचं, मग मागवायचं. ऑर्डर दिल्यावर "टॉयलेट नहीं है" ऐकण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक नसाल तरी सांगून, विनंती करून बघा. दहातले आठ जण मुलाकडे बघून हो म्हणतात, मला नेमका नववा भेटला होता. आपण वापरून निघताना जमीन ओली ठेवली तर पुढच्या बापालाही "नहीं" ऐकावं लागेल, तेव्हा दोन कागदी रुमाल खर्च करा.

पेट्रोल पंपावर शौचालय असावं असा तेल कंपन्यांचा नियमच आहे, आणि खंडवा रोड किंवा उज्जैनच्या वाटेवर तोच आधार. शहरात मात्र मी पंपाला शेवटचा नंबर देतो. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात वेळ जातो.

आमच्या आजीचा पर्याय पाचवा होता: "नालीवर बसव, लेकराला कोण बघतंय!" तिच्या काळी रामबागेत ते चालून गेलं. आज निगमवाले दंड करतात, आणि दंड नसता तरी चार वर्षांच्या मुलीला भर रस्त्यात उघडं करणं मला पटत नाही. मुलग्यांना मात्र आपण अजूनही सर्रास झाडाशी उभं करतो. तोच मुलगा पुढे पंचविसाव्या वर्षी भिंतीशी उभा राहतो तेव्हा आपणच नाक मुरडतो.

बाबाबरोबर पुरुषांच्यात, की एकटी बायकांच्यात?

खरी अडचण इथे आहे. बापाबरोबर मुलगी असेल तर तीन वाटा उरतात.

पहिली, पुरुषांच्या बाजूला आपल्याबरोबर न्यायची. साडेचार-पाच वर्षांपर्यंत मी हेच करतो. पण तिथे उघडी मुताऱ्यांची रांग असते आणि मूल नेमकं त्याच उंचीचं. म्हणून तिला चालवत नेत नाही, कडेवर घेतो, तोंड माझ्या खांद्यावर, आणि दारातूनच मोठ्याने सांगतो, "भैया, छोटी बच्ची साथ में है." पुरुष लगेच आवरतात, वाट देतात. न सांगता घुसलं की ते ओशाळतात आणि आपणही. एकदा एका आजोबांनी "मुलीला इथे आणता?" म्हणून सुनावलं. मी म्हटलं, काका, मग कुठे नेऊ ते सांगा. ते गप्प झाले आणि खालची कडी लागत नव्हती तर बाहेरून दार धरून उभे राहिले.

दुसरी वाट, अनोळखी बाईला विनंती करायची. हे मी फार जपून करतो. आत सोबत थांबाल का, एवढंच विचारायचं. कपडे काढणं, धुणं हे परक्या माणसाकडे सोपवायचं नाही, मग समोर कितीही सज्जन काकू असोत. "माझ्या अंगाला आई, बाबा आणि आजी सोडून कोणी हात लावायचा नाही" असं आपणच घरी शिकवायचं आणि बाजारात घाई झाली की आपणच तिला परक्या हातात द्यायचं, मग त्या शिकवणीचं काय राहिलं?

तिसरी वाट दिव्यांगांच्या शौचालयाची, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. बहुतेक ठिकाणी ते एकच असतं, बाई-पुरुष अशी विभागणी नसते. आत जागा मोठी, धरायला दांडा, दार रुंद. बाप-लेक, आई-मुलगा कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. दोन पथ्यं मात्र पाळा. चाकाच्या खुर्चीवरचं कुणी बाहेर असेल तर मुलाला कितीही घाई असली तरी पहिला मान त्यांचा, कारण त्यांना दुसरीकडे जाताच येत नाही. आणि आत खेळत बसायचं नाही. काही ठिकाणी याला कुलूप असतं आणि आत बादल्या-झाडू भरलेले असतात. मग मी तिथल्या तिथे बोलतो, कारण ती जागा माझ्यापेक्षा ज्यांच्या हक्काची आहे त्यांनी रोज किती वेळा बोलायचं?

आई आणि मुलगा या जोडीचं उलटं. बायकांच्या बाजूला सगळी दारं बंद असतात, त्यामुळे मुलाला न्यायला सोपं. प्रश्न फक्त कितव्या वर्षापर्यंत. रेल्वेच्या महिला डब्यात बारा वर्षांखालच्या मुलाला आईबरोबर बसू देतात, पण डब्याचा हिशोब शौचालयाला लावणं काही बरोबर नाही. माझी बहीण भाच्याला सहा वर्षांचा होईपर्यंत घेऊन जायची. एकदा त्याने वाकून शेजारच्या दाराखालून बघितलं आणि "आई, इथे लाल चपला आहेत!" असं जाहीर केलं. त्या दिवसापासून तो बाहेर. वयापेक्षा हा निकष मला जास्त विश्वासाचा वाटतो: मूल कुतूहलाने बघायला लागलं की बदलायची वेळ झाली.

रांगेचं सांगायचं तर आपल्या मराठी नाटकांच्या मध्यंतरात ते शिकायला मिळतं. बायकांची रांग बाहेर चहाच्या टेबलापर्यंत येते. मूल घेऊन आलेल्या आईला कुणीतरी काकू "जाऊ दे गं तिला पुढे, लेकरू आहे" म्हणतातच. पण आपणहून घुसू नये, विचारावं. त्याच रांगेत गुडघे धरून उभ्या असलेल्या आजीबाईंनाही तेवढीच घाई असू शकते, त्या फक्त ओरडून सांगत नाहीत. त्याहून बरं म्हणजे पडदा पडायच्या पाच मिनिटं आधी हळूच उठणं.

भारतीय बैठक की कमोड?

कमोड स्वच्छ दिसतो आणि भारतीय बैठक घाण, असा समज आहे. मुलाच्या बाबतीत मी घाई नसेल तेव्हा कमोड, घाई असेल तेव्हा भारतीय बैठक निवडतो. बैठकीवर अंग कशालाच टेकत नाही. फक्त चार वर्षांच्या मुलाचे पाय दोन्ही पायऱ्यांवर पोचत नाहीत, तेव्हा मागून गुडघ्यांखाली हात घालून अधांतरी धरायचं, जसं आई-आजीने आपल्याला धरलं होतं. पाठ दुखते, पण दोन मिनिटांत मोकळं. कमोडवर मूल आत घसरतं आणि घाबरून कडा घट्ट धरतं, आणि त्या हातांनीच पुढे जिलेबी खायची असते. त्याला उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा. पाय दोन्ही बाजूंना फाकतात, धरायला टाकी मिळते, घसरत नाही.

कमोडच्या कडेवरून रोग होतील या भीतीने मुलाला दाबून ठेवायला सांगणं जास्त वाईट. कातडी धड असेल तर तिथून फारसं काही होत नाही. पोटात जातं ते हातांवरून. वारंवार दाबून ठेवल्याने मात्र लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग व्हायची शक्यता वाढते. मुलगी असेल तर बापाने एक गोष्ट पाठ करावी: धुताना हात पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही. भिंतीवरचा फवारा तिच्यावर सोडू नका, त्याचा जोर मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. मी पाण्याची छोटी बाटली नेतो.

लंगोट कमोडमध्ये टाकणाऱ्यांबद्दल मला सौम्य शब्द सुचत नाहीत. कागदात गुंडाळा, पिशवीत घाला, डबा नसेल तर घरी आणा. आपल्या पिवळ्या कचरागाडीत त्याचा कप्पा वेगळा आहे, आणि इथल्या प्रत्येक आजीला तो माहीत आहे.

रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं असेल तर वरचं सगळं विसरा. त्या गर्दीतून कुठल्याही शौचालयापर्यंत पोचणं होत नाही. पाच वर्षांखालचं मूल घरी ठेवा, किंवा ओळखीच्या कुणाची गच्ची गाठा.

लेक आता साडेपाचची आहे. गेल्या महिन्यापासून ती बायकांच्या बाजूला एकटी जाते आणि मी दाराशी उभा राहतो. आतून आवाज येत राहावा म्हणून तिने मोठ्याने बेचा पाढा म्हणायचा, संपायच्या आत बाहेर यायचं, असं ठरलंय. परवा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत ती "बे नवे अठरा"ला थांबली. मी हाका मारल्या, उत्तर नाही. आतून बाहेर आलेल्या एका बाई हसत म्हणाल्या, "नल से खेल रही है."