योनेक्स सुपर ग्रॅप ओव्हरग्रिप: दोन हाताच्या बॅकहॅन्डले मस्त, पण आधी रॅकेटची साइज पाहा

पुतणी टेनिसमध्ये बॅकहॅन्ड (उलट्या बाजूचा फटका) दोन्ही हातानं मारते, तिच्यासाठी नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) रॅकेट पाहाले गेलो तं दुकानदार एल३ (मुठीची जरा जाड साइज) गळ्यात मारून राहिला होता, म्हणे हात भरला पाहिजे. मी एल२ च घेतली, सव्वाचार इंच घेराच्या मुठीची. कारण साधं आहे भाऊ, मूठ जाड करता येते, बारीक कराची म्हटली तं डोक्याले ताप. उजव्या हातात धरून बोटं आणि तळव्याच्या मधात डाव्या हाताचं बोट बसलं की समजा जमलं.

मुठीच्या मूळ ग्रिपवरून हे सुपर ग्रॅप गुंडाळलं, म्हणजे ओव्हरग्रिपची पातळ चिकट पट्टी. ०.६ मिमी जाड, एका थरानं घेर अंदाजे १/१६ इंच वाढते, दोन थर दिले तं जवळपास एल३ च झाली ना. पण खरी मजा लांबीत आहे, १२०० मिमी पट्टी, त्यामुळं जरा कमी ओव्हरलॅप ठेवून वरपर्यंत नेता येते, आणि दोन हाताच्या बॅकहॅन्डमध्ये काम तं वरचा डावा हातच करते, तो अर्धा उघड्या जागेवर असला तं रॅकेट फिरलीच समजा. बुडापासून सुरू करा, ताणून गुंडाळा, सुरकुती राहू देऊ नका, तळव्याले टोचते.

बाकी मे महिन्यातल्या आमच्या उन्हात कोणतीच चिकट ग्रिप घामापुढं टिकत नाही बाप्पा, खिशात रुमाल ठेवा अन् तीनचं पॅकच घ्या.