कमी खर्चातले होम थिएटर: स्पीकर आणि सबवूफरची निवड

मर्यादित खर्चात ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि खोल, जड आवाजासाठी एक सबवूफर) जुळवताना मी सर्वाधिक रक्कम मधल्या स्पीकरसाठी राखून ठेवली आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले घेतल्यामुळे पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे गेली तरी तिच्या आवाजाचा पोत बदलत नाही. मागच्या दोन स्पीकरांबाबत मी फारसा चोखंदळपणा केला नाही.

खरी परीक्षा पाहिली ती सबवूफरने. १० इंची सबवूफर कोपऱ्यात ठेवला तेव्हा प्रत्येक स्फोटानंतर खोली घुमत राही आणि कपाटाची काच थरथरे. शेवटी तो माझ्या बसण्याच्या जागेवर ठेवला, संगीत सुरू केले आणि भिंतीच्या कडेने अक्षरशः रांगत (घरच्यांची करमणूक झाली ती वेगळीच) जिथे बास स्वच्छ ऐकू आला, तिथे तो हलवला. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे खोल आवाज सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवल्यावर लहान स्पीकरांवरचा भार उतरला आणि संवादही सुटे ऐकू येऊ लागले. खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा मात्र क्षणिक कमाल शक्तीचा निघाला. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, बारीक अक्षरांत, त्याहून पुष्कळच कमी होते.