नावाला जागणारा कोळी: रेडग्रेव्ह आणि लोफम फेनची भेट

मराठीत जाळे विणणाऱ्या किड्यालाही कोळी म्हणतात आणि मासे धरणाऱ्यालाही. हे दोन्ही अर्थ एकाच जिवात पाहता यावेत म्हणून मी गेल्या वर्षी दोनदा रेडग्रेव्ह आणि लोफम फेन या इंग्लंडमधील पाणथळ राखीव क्षेत्रात गेलो. सफोक आणि नॉरफोक या परगण्यांच्या सीमेवरील हे क्षेत्र सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून नॉरिचच्या गाडीने डिसपर्यंत जाता येते, पुढे मात्र मोटार हवी.

पहिली फेरी एप्रिलमध्ये केली आणि ती वाया गेली. दोष माझ्या उतावळेपणाचा. फेन राफ्ट स्पायडर नावाचा हा कोळी पाहायचा असेल, तर जुलै ते सप्टेंबरमधला उबदार, उन्हाचा दिवस निवडावा. ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीत तासभर डबक्यांच्या कडा न्याहाळल्यावर लव्हाळ्याच्या एका पात्यावर मादी दिसली. रंग गडद तपकिरी, दोन्ही बाजूंना दुधट पट्टे आणि पायांचा पसारा जवळपास तळहाताएवढा. मागचे पाय पात्यावर रोवून पुढचे तिने पाण्यावर टेकवले होते. पाण्याचा पृष्ठभाग हेच तिचे जाळे. त्यावरून येणारी कंपने पायांनी टिपून ती पाणकीटकांवर झडप घालते, आणि कधी स्टिकलबॅकसारखा छोटा मासाही धरते. माझी सावली पडताच ती देठाला धरून पाण्याखाली उतरली आणि ती किती वेळ खाली राहते हे मोजायला मी घड्याळ पाहायचे विसरलो.

नवख्याने कोळ्याआधी त्याचे घरकुल शोधावे, असे माझे मत आहे. मादी अंड्यांचा कोष पोटाखाली बाळगते, तो सुकू नये म्हणून अधूनमधून पाण्यात बुडवते, आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास पाण्यालगतच्या ताठ पात्यांमध्ये रेशमी तंबू विणते. त्यात शेकडो पिल्ले काही दिवस राहतात व आई राखण करते. उन्हात चमकणारा हा तंबू पायवाटेवरूनही नजरेत भरतो. पायवाट सोडू नये आणि कोळ्याला हात लावू नये. या जातीला ब्रिटनमध्ये कायद्याचे संरक्षण आहे.

या जागेचे खरे मोल तिथल्या पाण्याच्या इतिहासात आहे. कोळ्यांचे अभ्यासक एरिक डफी यांना १९५६ मध्ये हा कोळी इथे सापडला, तोवर तो ब्रिटनमध्ये आहे हे कोणालाच माहीत नव्हते. त्यानंतर काही वर्षांतच पाणथळीच्या कडेला पाणीपुरवठ्यासाठी कूपनलिका खोदली गेली. जमिनीखालच्या झऱ्यांवर जगणारी ही दलदल उपशाने कोरडी पडत गेली, झुडपे माजली आणि कोळी उरल्यासुरल्या डबक्यांपुरता राहिला. १९९९ मध्ये ती कूपनलिका दुसरीकडे हलवली. सुकून खराब झालेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, थर खरवडून काढला, झुडपे तोडली, पोलंडची कोनिक घोडी चरायला आणली. एवढे करूनही कोळी लगेच पसरला नाही, आणि मला ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते: पाणी परत आणता येते, पण अनेक दशके आक्रसलेली जात त्याच वेगाने परतत नाही.

म्हणूनच २०१० पासून नव्या जागी पिल्ले सोडण्याचे काम सुरू झाले. हेलन स्मिथ या संशोधिकेने स्वतःच्या स्वयंपाकघरात हजारो पिल्ले एकेका परीक्षानळीत वेगळी ठेवून, केळ्यावर घोंघावतात तसल्या चिलटांवर वाढवली. वेगळी अशासाठी, की एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. पुढे प्राणिसंग्रहालयांनीही या संगोपनात हातभार लावला. ही पिल्ले कॅसल मार्शेस, कार्लटन मार्शेस आणि स्ट्रम्पशॉ फेन या पाणथळींत सोडली गेली.

इथे प्रवेश विनामूल्य आहे. मी देणगीपेटीत मात्र दोन्ही फेऱ्यांचे पैसे टाकले, एप्रिलचेसुद्धा. बूट पाण्याला दाद न देणारे असावेत आणि जवळून लक्ष केंद्रित होणारी दुर्बीण असल्यास ती जरूर न्यावी. ज्याला तासाभरात हमखास काही दिसायला हवे, त्याने येथे येऊ नये. येत्या ऑगस्टमध्ये मी कार्लटन मार्शेसला जाणार आहे. तिथल्या पाण्याच्या चरांत परीक्षानळीतल्या त्या पिल्लांचे वंशज आता तंबू विणत असतील.