मिरर डिस्कच्या एएमसीत आम्ही असे फसलो

धरणगाव तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशोब बघतो. काट्यावर गाडी चढली की वजन, पावती, शेतकऱ्याचं पेमेंट, पुढे सरकी आणि गाठींची विक्री, सगळं एका सर्व्हरवर चालतं. मागच्या वर्षी जूनमध्ये जळगावच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून नवा सर्व्हर घेतला. नाव लिहीत नाही, प्रकरण नोटिशीपर्यंत गेलंय.

कोटेशनमध्ये होतं: 4 टीबीच्या दोन नव्या डिस्क, मिरर करून, वर 18,000 रुपयांची वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, दर महिन्याला तपासणी. 4 टीबी आम्हाला कशाला हवी होती देव जाणे, आमच्या सगळ्या पावत्या पेन ड्राइव्हवर मावतील. पण एका डिस्कवर लिहिलं की तेच आपोआप दुसरीवर लिहिलं जातं आणि एक मेली तरी काम थांबत नाही, हे ऐकून आमचे मालक अप्पा खूश झाले. त्यात खोटंही काही नाही. लिनक्सवर हे एमडीएडीएम नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने होतं, वेगळं कार्ड लागत नाही. खोटं पुढे होतं.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा पोरगा यायचा. चहा प्यायचा, सर्व्हरच्या तोंडावरच्या दोन हिरव्या लाइटांकडे बोट दाखवायचा. "काका, मिरर ओके आहे, सही करा." रिपोर्टचा एक कागद आणि त्याला टाचलेली इंग्रजी आकड्यांची एक प्रिंट. काट्यासमोर गाड्यांची रांग लागलेली असताना ती प्रिंट कोण वाचणार? मी सही करायचो. जून ते एप्रिल, अकरा सह्या.

मे महिना. बाहेर 44 डिग्री, ऑफिसचा कूलर नावाला. सकाळी सर्व्हरमधून टक टक टक असा आवाज यायला लागला आणि दुपारी सर्व्हर बंदच पडला. उघडून बघितलं तर पुढच्या पंख्यावर रुईच्या तंतूंची जाड गादी बसली होती, बोटाने सोलून निघाली. महिन्याच्या तपासणीत ती कोणाला दिसली नाही, हेही लक्षात ठेवा.

मला तरी धीर होता, दुसरी डिस्क आहे ना. फोन केला तर तिकडून उत्तर, "माणूस बाहेरगावी आहे, चार दिवस लागतील." म्हणून अप्पांचा पुतण्या सुट्टीवर आला होता त्याला बसवलं. पुण्यात सर्व्हरचंच काम करतो. त्याने पहिली डिस्क काढली, दुसरीवर सर्व्हर चालू केला. चालू झाला! मी पावत्यांचा प्रोग्राम उघडला. शेवटची पावती 14 ऑगस्टची.

ऑगस्टची. आमच्याकडे गणपतीत मुहूर्ताची खरेदी होते, खरी आवक दसऱ्यानंतर. म्हणजे अख्खा सीझन गायब.

पुतण्याने त्या डिस्कवरची मिररची नोंद काढून दाखवली. प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद असते, शेवटचं लिहिणं कधी झालं याची तारीख आणि वेळ तिच्यात असते. इथे 14 ऑगस्ट, रात्रीचे दोन. गंमत म्हणजे त्याच नोंदीत दोन्ही डिस्क ठीक असंही लिहिलेलं. मिररमधून गळालेल्या डिस्कला आपण बाहेर पडलोय हे कोणी सांगत नाही. ती वीज खात फिरत राहते, तिचा दिवाही हिरवाच राहतो.

पुतण्या अहिराणीत म्हणाला, "अप्पा, दुसरी डिस्क ऑगस्टमाच थांबेल शे." म्हणजे ऑगस्टमध्येच थांबलेली आहे.

अप्पा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मंग आपला सीझन कोठे गया?"

मग मी ती अकरा रिपोर्टची फाइल काढली. पुतण्याने प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. प्रत्येकीवर चौकोनी कंसात दोन यू. तो म्हणाला, यू म्हणजे अप, डिस्क चालू. एखादी गळाली तर तिच्या जागी आडवी रेघ येते. म्हणजे ऑगस्टनंतरच्या प्रिंटवर रेघ हवी होती. त्याखालच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं: रीसिंक 62.4 टक्के, बाकी 187.3 मिनिटं, वेग 130712. मिरर नवीन बांधला की पहिल्यांदा सगळं एकीवरून दुसरीवर उतरतं, ते चालू असतानाची ही ओळ. काही तासांत संपते आणि निघून जाते. आमच्याकडे ती जूनमध्ये होती, दिवाळीत होती, संक्रांतीत होती, एप्रिलमध्येही होती. दशांशासकट तीच. पहिल्या दिवशीची एक प्रिंट, तिच्या दहा झेरॉक्स, आणि खाली माझी सही.

त्या दुसऱ्या डिस्कचे चालू तास काढले: 41,316. वर्षाचे तास 8,760. आमच्याकडे ती फिरली साधारण 8,200 तास. म्हणजे 'नवी' म्हणून बिलात लावलेली डिस्क आधी कुठेतरी पावणेचार वर्षं राबून आलेली. बिलावर फक्त "डिस्क 2 नग", सीरियल नंबर नाही. तुमच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. तासांवरही डोळे झाकून विसंबू नका, ते शून्य करता येतात. 2025 च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, त्यांचे नेहमीचे तास पुसलेले होते. डिस्कच्या आतल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीतून खरे आकडे निघाले.

बिघाडाची ई-मेल का आली नाही? एमडीएडीएम डिस्क गळाल्याची मेल स्वतः पाठवतं. पण सेटिंगमध्ये पत्ता 'रूट' एवढाच होता, म्हणजे त्याच मशीनची पेटी, आणि बाहेर मेल जायची सोयच केलेली नव्हती. तक्रार बंद खोलीत पडून राहिली.

कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मी प्रिंट पुढे केल्या. म्हणाला, "काका, मिरर म्हणजे बॅकअप नाही, बॅकअप तुमची जबाबदारी." वाक्य खरं आहे, याचाच जास्त राग आला. चुकून पुसलेली पावती मिररमध्ये दोन्हीकडून पुसली जाते, वेगळा बॅकअप ठेवायला हवाच होता, तिथे आमची चूक. पण अकरा महिने खोटे कागद कोणी दिले, यावर तो फक्त "पोरगा नवीन होता" म्हणाला. एएमसी रिन्यू करायचा मेसेज मात्र एप्रिलमध्येच येऊन पडला होता.

पहिल्या डिस्कच्या प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, ओरखडे पडलेत, पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांनी हात टेकले. आम्ही काट्याच्या पावत्यांची कार्बन बुकं काढून जून-जुलैभर सीझन परत टाइप केला. काही बुकं उंदरांनी खाल्ली होती, तिथे शेतकऱ्यांना निरोप धाडले. एक आजोबा पिवळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली पावती घेऊन आले, वर देवघरातलं कुंकू लागलेलं.

आता पत्त्याच्या जागी माझा आणि पुतण्याचा मेल आहे. नवा मिरर लावल्यावर त्याने टेस्ट मेल पाठवून बघितली, मग एक डिस्क मुद्दाम फेल केली. मिनिटभरात माझा फोन वाजला, तेव्हाच त्याला जेवायला उठू दिलं. दर सोमवारी मी स्वतः ती कंसाची ओळ उघडून दोन यू बघतो. रात्रीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, ती अप्पांच्या घरी.

वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, करारभंगाची नोटीस द्या. दिली आहे. अकरा प्रिंट मूळ प्रतीत आमच्याकडे आहेत. उत्तर आलेलं नाही, आणि 23 पावत्या अजून जुळत नाहीत.