उंची वाढवायचं ऑपरेशन: बाहेरची रिंग की आतला रॉड?

भाचा 26 वर्षांचा, उंची 5 फूट 3 इंच. "मामा, रिंग लावू की रॉड?" जाहिराती बाजूला ठेवून त्याला सांगितलं ते असं.

पायाचं हाड दोन्हींत कापतातच, आणि दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच ताणतात. म्हणजे 5 सेंटिमीटरला 50 दिवस. नवं हाड पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने. फिजिओथेरपीही चुकत नाही. स्नायू आखडले की टाच टेकत नाही.

इलिझारोव्हची रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेली धातूची चौकट, स्वस्त. पण तारा पायातून आरपार. त्यांची भोकं रोज पुसायची, चिघळली तर अँटिबायोटिक. पायजम्याची शिवण उसवायची, कूस बदलताना रिंग चादरीत अडकते, आणि पाहुणे विचारतातच. मन खचतं ते इथे. चुंबकी रॉड (बाहेरून चुंबक लावून लांबवतात तो) हाडाच्या आत असल्याने हे टळतं, व्रणही कमी. मात्र खर्च कितीतरी जास्त, आणि रॉड काढायला पुन्हा ऑपरेशन.

पैसा बेताचा आणि घरी करणारं माणूस असेल, तर रिंग. ऐपत असेल नि लोकांच्या नजरा सोसवत नसतील, तर रॉड. स्थळाच्या नकारामुळे निघाला असशील, तर आधी समुपदेशकाला भेट. ऑपरेशनची तारीख नंतर.