सीटला रंग दिला, सीलर दिलाच नाही

लेदरच्या सीटला घरी येऊन रंग देणाऱ्यांकडून होणारी फसवणूक काम संपते त्या दिवशी दिसत नाही, आणि त्यावरच तिचे सगळे गणित उभे असते. संध्याकाळी गाडीचे दार उघडले की सीट एकसारख्या रंगाच्या, चकचकीत आणि नव्या वाटतात, आणि त्या समाधानातच उरलेले पैसे दिले जातात. खरा प्रकार उघड होतो तो गाडी उन्हात उभी राहू लागल्यावर आणि घामाचे अंग सीटला टेकू लागल्यावर. आमच्या बाबतीत जे झाले ते सविस्तर लिहीत आहे, कारण अशा जाहिराती आजही मोबाइलवर दिसतात आणि त्यांतली आश्वासने आम्हाला ऐकवलेल्या आश्वासनांसारखीच आहेत.

आमची सेडान जुनी असली तरी उत्तम चालते. तिच्या फिक्या बदामी सीट मात्र वापराने थकल्या होत्या. चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड, जिच्यावर घासूनच माणूस आत-बाहेर करतो, ती भेगाळली होती आणि डोके टेकण्याच्या जागा केसांच्या तेलाने काळवंडल्या होत्या. जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी सगळ्या सीटचे ९,५०० रुपये सांगितले, आणि त्यात सफाई, भेगा भरणे, रंगाचे तीन हात, वरून सीलर म्हणजे रंगाचे रक्षण करणारा पारदर्शक थर आणि दोन वर्षांची गॅरंटी असे सर्व काही धरलेले होते. यूपीआयने ४,००० रुपये आगाऊ दिल्यावर माणसे पाठवण्याचे ठरले.

ठरल्या दिवशी दोन तरुण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आले. त्यांनी ओल्या फडक्याने सीट पुसल्या, काचांना व डॅशबोर्डला वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी लावली आणि लहान कंप्रेसरच्या गनने रंग मारायला सुरुवात केली. थिनरचा वास जिन्यापर्यंत येत होता. भेगांत काही भरलेले मला दिसले नाही. विचारल्यावर ‘रंगच आत बसतो’ असे उत्तर मिळाले. दुपार उतरायच्या आत रंग संपला, लगेच त्यांनी स्पंजने एक पातळ द्रव सर्वत्र चोळला आणि ‘काकू, हा सीलर, आता पाणी सांडलं तरी काही होणार नाही’ असे आईला सांगितले. सीट खरोखरच लखलखत होत्या. निघताना त्याच द्रवाची एक बाटली, दर महिन्याला लावण्यासाठी म्हणून, १,२०० रुपयांना दिली. बाटलीवर लेबल नव्हते. पावतीवर एक नाव, एक मोबाइल क्रमांक आणि ‘गॅरंटी २ वर्षे’ एवढेच होते.

मे महिना सुरू होता. काही दिवसांतच आईच्या पांढऱ्या सुती साडीच्या पाठीवर फिकट तपकिरी पट्टे उमटले आणि ते धुऊनही गेले नाहीत. मागच्या सीटवर हात ठेवला की तो चिकटायचा. चालकाच्या कडेवरचा रंग आधी बारीक तडकला, नंतर त्याचे पापुद्रे निघू लागले आणि खालच्या जुन्या भेगा पहिल्याहून वाईट दिसू लागल्या. फोन केल्यावर त्या गृहस्थांनी सांगितले की आमच्या गाडीला ‘हीट सीलिंग’ करावे लागेल, त्याचे ३,५०० रुपये वेगळे पडतील आणि ते गॅरंटीत बसत नाही. मी नकार दिला, त्यानंतर त्यांनी फोन उचलणे बंद केले.

पुढे पुण्याच्या नाना पेठेत अनेक वर्षे गाड्यांच्या कुशनचे काम करणाऱ्या एका कारागिरांना गाडी दाखवली. त्यांनी केलेली तपासणी कोणालाही घरी करता येण्यासारखी आहे, म्हणून ती नीट सांगते. पांढरे सुती फडके साध्या पाण्याने ओले करून त्यांनी सीटवर एकाच जागी मध्यम दाबाने काही वेळ घासले, आणि फडक्यावर बदामी रंग उतरला. सील केलेल्या लेदरचा रंग पाण्याच्या फडक्यावर येता कामा नये. मग त्यांनी कडेवर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली, तेव्हा तिच्यासोबत रंगाचा सलग तुकडा निघाला आणि त्या तुकड्याची आतली बाजू बोटाला तेलकट लागली. ‘ताई, हे सील नाही, पॉलिश आहे, आणि रंग लेदरला धरलेलाच नाही, जुन्या पॉलिशवर बसलाय,’ असे ते म्हणाले.

या एका वाक्यात सगळी फसवणूक आली. गाड्यांच्या सीटचे लेदर बहुतेक वेळा उघडे नसते. कारखान्यातच त्यावर रंगद्रव्य आणि रेझिन यांचा थर व त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर दिलेला असतो, आणि आपल्या हाताला लागतो तो हा वरचा थर. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कोल्हापुरी चपलेचे कातडे तेल पिते, म्हणून सीटलाही तेल किंवा चमक आणणारे पॉलिश लावण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु सीटवर लावलेले तेल आणि सिलिकॉन आत फारसे मुरत नाही, ते वरच साठते. वर्षानुवर्षे साठलेला तो थर, घाम आणि केसांचे तेल काढल्याखेरीज नवा रंग धरत नाही. ओले फडके त्याला पुरत नाही. आधी लेदरचा क्लीनर आणि मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि त्यानंतर ६०० ते १,००० नंबरच्या पॉलिशपेपरने हलका हात, एवढे झाल्यावरच पृष्ठभाग तयार होतो. भेगा असतील तर लवचीक फिलर पातळ थरांनी भरून, वाळवून, घासून सपाट करावा लागतो. रंग दिल्याने भेग बुजत नाही.

रंगाचीही तीच गोष्ट आहे. सीटसाठीचा रंग पाण्यावर आधारलेला आणि लवचीक असतो, तो स्पंजने किंवा गनने अगदी पातळ थरांत देतात आणि प्रत्येक थर हेअर ड्रायरने वाळवून मगच पुढचा देतात. पत्र्यावर किंवा लाकडावर मारायचा लॅकर सीटवर मारला तर पहिल्या दिवशी तो सुरेख दिसतो, पण माणूस बसला-उठला की सीट वाकते, लॅकर वाकत नाही आणि तडकतो. छटेचा प्रश्न वेगळाच. जुन्या बदामी सीटची छटा डब्यातून तयार मिळत नाही. दिवसाच्या उजेडात सीटच्या झाकलेल्या भागाशी ताडून ती मिसळावी लागते. आमच्याकडे आलेल्या तरुणांनी सोबत आणलेला एकच डबा उघडला होता. सीटना बारीक छिद्रे असतील तर आणखी जपावे लागते, कारण जाड थराने ती बुजतात आणि थंड हवा देणारी सीट असल्यास तिचा उपयोगच संपतो.

सर्वात शेवटी सीलर येतो, आणि जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असलेली ही पायरी प्रत्यक्षात सर्वांत सहज गाळली जाते. खरा सीलर बहुधा दुधासारखा पांढरट असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. टिकाऊपणासाठी त्यात हार्डनर घालतात, तो वेगळ्या लहान बाटलीत येतो आणि वापरायच्या वेळीच मिसळावा लागतो, कारण मिसळलेले द्रावण फार काळ टिकत नाही. त्याचे दोन-तीन पातळ थर दिल्यावर गाडी निदान एक दिवस न बसता ठेवावी लागते, आणि पूर्ण पक्का व्हायला त्याला आणखी काही दिवस लागतात. तो बहुधा मॅट म्हणजे बिनचमकीचा, किंवा किंचित मंद चमकीचा दिसतो. आरशासारखी चमक हे त्याचे लक्षण नव्हे. त्यामुळे अख्ख्या गाडीचे काम एका दुपारी संपवून ‘लगेच बसा’ असे कोणी सांगत असेल, तर सीलर लागलेला नाही असेच समजावे.

आम्हाला विकलेल्या बाटलीची परीक्षा मी घरीच केली. काचेच्या तुकड्यावर त्या द्रवाचा थेंब पसरून रात्रभर ठेवला. सीलर असता तर सकाळी त्याचा नखाने सोलता येईल असा पातळ पापुद्रा झाला असता. हा द्रव मात्र तसाच बुळबुळीत राहिला होता आणि कागदाने सहज पुसला गेला. म्हणजे पैसे सीलरचे घेतले आणि दिले ते डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉन. सर्वांत संताप येतो तो याचाच, कारण दर महिन्याला ते लावत राहिले असते तर पुढच्या प्रामाणिक कारागिराचे काम आणखी अवघड झाले असते. अशी बाटली विकणे मुळातच बेकायदेशीर आहे. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण आणि कमाल किरकोळ किंमत पाकिटावर छापलेली असलीच पाहिजे.

मागच्या सीटचा चिकटपणा हा आणखी वेगळा प्रकार निघाला. कारागिरांनी मागच्या सीटच्या खालची कड उलटून दाखवली, तर आतल्या बाजूला कापडाची वीण होती. म्हणजे ती सीट लेदरची नव्हतीच, रेक्झिनची होती. समोरच्या सीटचा बसायचा भाग तेवढा लेदरचा आणि बाजू रेक्झिनच्या. अनेक गाड्यांत अशीच विभागणी असते. लेदरची उलटी बाजू तंतुमय, साबरासारखी असते, त्यामुळे कामापूर्वी ही कड पाहणे अगदी सोपे आहे. रेक्झिनमधले मऊपणा देणारे द्रव्य उष्णतेने वर येते आणि न जुळणाऱ्या रंगाला कायमचे चिकट करते. त्याला रंग वेगळा लागतो आणि मजुरीही वेगळी. आम्हाला मात्र सरसकट लेदरचा दर लावला गेला.

आता तो रंग काढणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. अ‍ॅसिटोनने तो निघतो, पण त्यासोबत कारखान्यातला मूळ थरही निघतो, म्हणून हा प्रयोग घरी करू नये असे कारागिरांनी बजावले. त्यांनी सांगितलेला खर्च आम्ही आधी दिलेल्या रकमेहून जास्त आहे. ज्या सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण आहे तिथली शिवण फिलरने किंवा जाड रंगाने कधीही बुजवू नये, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. अनेक गाड्यांत एअरबॅग त्या शिवणीतूनच फुटून बाहेर येते.

तक्रारीबाबत जे समजले ते असे. आगाऊ रक्कम घेऊन माणूस आलाच नाही, तर तो आर्थिक सायबर फसवणुकीचा प्रकार होऊ शकतो आणि १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. काम झाले पण खोटे झाले, तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली ती सेवेतील त्रुटी ठरते. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तोडगा न निघाल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण येते ती पत्त्याची. मोबाइल क्रमांक आणि यूपीआयचे नाव एवढ्यावर नोटीस बजावणे अवघड जाते, म्हणून आगाऊ पैसे देण्यापूर्वीच दुकानाचा पत्ता, आणि रंग, सीलर व हार्डनर यांची उत्पादनाची नावे संदेशातून लेखी मागून घ्यावीत, आणि शेवटची रक्कम ओल्या पांढऱ्या फडक्याच्या परीक्षेनंतर, गाडी निदान एक दिवस सुकल्यावरच द्यावी.

आमची तक्रार १९१५ वर नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, संदेशांतले संभाषण, डागाळलेल्या साडीची व सोललेल्या कडेची छायाचित्रे आणि कारागिरांचे लेखी मत असे सर्व एकत्र ठेवले आहे. बाटली सीलबंद पिशवीत बाजूला ठेवली असून, पुरावा म्हणून तिची गरज संपेपर्यंत चालकाच्या सीटचा रंगही तसाच राहू देत आहोत.